पाटीकडं बघणारी करुणा

नरसिंगला फोटोच्या मधोमध बसलेला माणूस अजिबात खपत नसे. फोटोच्या मधल्या घरात दोघंच शोभतात, मयत आणि मंत्री, असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचा. स्थळ बघण्यासाठी फोटो काढायला आलेली पोरगी बिचारी स्टुलावर बसल्या बसल्या कावरीबावरी व्हायची. हट्ट्याच्या बसस्टँडसमोर त्याचा स्टुडिओ आणि माझं शिलाईचं दुकान, मधे एकच भिंत, तीही पत्र्याची. त्यामुळे त्याचं सगळं बोलणं मला फुकटात ऐकू यायचं आणि माझ्या मशीनची खडखड त्याला. एकमेकांना शिव्या घालत आम्ही अर्धं आयुष्य शेजारी काढलं. म्हणून त्याच्याबद्दल लिहायचा हक्क माझाच, असं मी धरून चालतो. ज्याला पटत नसेल त्याने आपली विजार दुसरीकडं शिवून घ्यावी.

गडी मूळचा वारंगा फाट्याचा. बापाचं तिथं ट्रकचे पंक्चर काढायचं दुकान. फाट्यावर सारखं काही ना काही उलटायचं, मग नांदेडहून पेपरवाला मोटरसायकलवर येऊन फोटो काढायचा, आणि हातातली ट्यूब तशीच पाण्यात बुडवून नरसिंग त्याच्याकडं बघत बसायचा. बापानं दोन ठेवून दिल्या, पण पोराच्या डोक्यातलं खूळ काही गेलं नाही. नांदेडला मोहनसिंग म्हणून एक जुने फोटोग्राफर होते, त्यांच्या डार्करूममध्ये तो राबला. नव्वदनंतर दोन-एक वर्षांनी एक जुना कॅमेरा, फ्लॅशच्या दोन छत्र्या आणि एक पडदा घेऊन तो हट्ट्यात उतरला. पडद्यावर धबधबा रंगवलेला होता आणि धबधब्यावरून विमान चाललं होतं. विमान कशाला रे, असं मी विचारलं, तर म्हणाला की लोकांना आवडतं.

पोट त्या विमानावर चालायचं, जीव मात्र पेपरच्या फोटोत. नांदेडच्या एका दैनिकाला तो बातमीचे फोटो पाठवायचा. रोल पाकिटात घालून एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरचा गठ्ठा उतरायच्या आधीच बसस्टँडवर हजर. फोटो आला असला की त्या दिवशी माझा चहा त्याच्याकडं, आणि आला नसला की दिवसभर पत्र्यापलीकडून धुसफूस.

माझ्या कापायच्या टेबलावर, माझाच खडू घेऊन, तो चौकट काढायचा. दोन रेघा उभ्या, दोन आडव्या, झाली नऊ घरं. मग मला शिकवायचा. मुख्य माणूस मधल्या घरात न ठेवता रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं ठेवायचा. तो ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला जागा मोकळी सोडायची, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्याच्या नजरेमागं जाते. मी म्हणायचो, आम्हीही कापड आधी बेततो आणि मगच कातर लावतो, त्यात तू काय मोठा तीर मारलास. त्यावर तो खवळून खडू फेकायचा. पण खरं सांगायचं तर आजही पेपर उघडला की मी आधी फोटोची घरं मोजतो आणि बातमी नंतर वाचतो. ही खोड त्याचीच.

त्याचा सगळ्यात कडक नियम दुसराच होता. बातमीच्या फोटोतल्या माणसानं कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. "त्यानं आपल्याकडं बघितलं की बातमी मेली, कोंडीबा," तो म्हणायचा. "त्यानं त्याच्या कामाकडं बघून राह्यलं पायजे." त्यासाठी तो तासन् तास उन्हात उभा राहायचा. आपल्याकडं तर कॅमेरा दिसला की माणूस ताठ होऊन समोर बघतो, टोपी सरळ करतो. ते सगळं होऊन लोक कंटाळून पुन्हा आपल्या कामाला लागेपर्यंत नरसिंग बटन दाबायचा नाही. रोल काही झाडाला लागत नव्हते.

नव्याण्णव साली एक मेला हिंगोली जिल्हा झाला. त्या दिवशी तालुक्यातले झाडून सगळे फोटोवाले हिंगोलीला पळाले. नरसिंग गेला नाही. तिथं सगळे मधल्या घरातलेच लोक असतील, म्हणाला. सायकल काढली आणि हट्ट्यापासून थोड्या आत असलेल्या एका खेड्याकडं गेला. तिथल्या शाळेच्या पाटीवरचं जुनं जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहायला रविंद्र रंगारी आदल्या दिवशीच माझ्याकडून चिंध्या घेऊन गेला होता, तेवढ्यावरून याला सुचलं. एक मे म्हणजे शाळेत झेंडा आणि निकाल. पोरं तेल लावून, धुतलेले कपडे घालून आलेली.

तो फोटो अजून माझ्या दुकानात मशीनच्या वर चिकटवलेला आहे. कागद पिवळा पडलाय. डावीकडं वरच्या दोन घरांत पाटी. 'ता. वसमत' शाबूत आहे, त्यापुढं 'जि.' आणि मग चुन्यानं पुसलेला पट्टा. त्या पट्ट्यावर नुसतं 'हिंगो' एवढंच लिहिलंय, 'ली' अजून यायची आहे, आणि 'गो'च्या कान्यावरून रंगाचा एक ओघळ खाली आलाय. वरच्या कोपऱ्यातून रंगाऱ्याचा हात तेवढा आत आलेला, बाकी रविंद्र चौकटीबाहेर. जिल्हा मी लिहिला आणि पेपरात नुसता माझा हात आला, म्हणून तो अजून रुसलेला आहे. आणि उजवीकडं खाली, जिथं रेघा कापतात बरोबर तिथं, एक नऊ-दहा वर्षांची पोरगी. पाठमोरी. रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या, मान वर केलेली, हातात निकालाचा कागद. ती पाटीकडं बघते आहे, म्हणून आपणही पाटीकडं बघतो. शब्द अर्धा आहे, म्हणून तो आपणच मनात पुरा करतो. फोटो असा बेतलाय की त्यातलं बोटभरही काही कापता येणार नाही. माझ्यासारख्या कातर चालवणाऱ्या माणसाचं हे सर्टिफिकेट समजा.

ती पोरगी करुणा. सोनाजी आणि जनकाबाईची एकुलती एक. दोघंही मजुरीला जायचे, गावातल्या बौद्धवाड्यात राहायचे. पोरगी चौथी पास होऊन पाचवीत गेली होती. फोटो कसा निघाला ते नरसिंगनं मला पुढं इतक्यांदा सांगितलं की मीच तिथं उभा होतो असं वाटावं. ती पाटी सोडून सारखी कॅमेऱ्याकडंच बघत होती. बघायची, हसायची, ओठ मिटायची, पुन्हा बघायची. बाकीची पोरं कंटाळून पांगली, ही काही हलेना. माझा फोटो काढता का, असं तिनं विचारलं. नरसिंग म्हणाला, काढतो, पण तू तिकडं पाटीकडं बघ. मान वर कर. तिनं लगेच पाठ फिरवली, आणि तशीच पाठमोरी उभी राहून विचारलं, "मग मी दिसीन का त्याच्यात?"

"दिसशील की," नरसिंग म्हणाला, आणि बटन दाबलं.

दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर आला, चांगला चार कॉलम. करुणानं ते पान गावभर मिरवलं. कुणाला पटेना की ही तूच. मग ती त्यांच्याकडं पाठ करून उभी राहायची आणि दोन्ही वेण्या हातानं सारख्या करायची, घ्या जुळवून. पुढच्या बाजाराला आईबरोबर हट्ट्याला आली तेव्हा माझ्या दुकानातही तिनं असंच पाठ करून दाखवलं, आणि मी टेप लावून वेण्या मोजून दिल्या, हो बाई तूच. मग ती शेजारी गेली आणि नरसिंगला म्हणाली की आता एक तोंडाचा काढा. लगीनसराईचे दिवस, स्टुडिओत दोन नवरदेव ताटकळत बसलेले. नरसिंग म्हणाला, पुढच्या बाजारी ये, विमानासमोर बसवून झकास काढतो. ती खुशीत गेली. पुढच्या बाजारी त्यांना कुठंतरी काम लागलं, मग पेरणी आली, मग ते राहूनच गेलं.

पोळ्याच्या आधी ती तापानं गेली. आधी अंगावर काढलं, मग वसमतला नेलं, मग नांदेडला नेतानाच आटोपलं. आम्हाला कळलं तेव्हा माती होऊन गेली होती.

जनकाबाई आली ती पुण्यानुमोदनाच्या आधी. पत्र्यापलीकडून तिचा आवाज आला आणि माझा पाय मशीनवरच थांबला. बौद्धांत मयतानंतर पुण्यानुमोदन असतं, त्याला माणसाचा फोटो ठेवतात, फुलं वाहतात. करुणाचा एकही फोटो घरात नव्हता. गरिबाच्या घरात दहा वर्षांच्या लेकराचा फोटो काढायला कारणच काय पडतं? होतं ते एवढं पेपरचं पान. ते तिनं पदरातून काढलं, चार घड्या उलगडल्या आणि टेबलावर ठेवलं. नरसिंगला वाटलं, मोठा करून मागते आहे. तो म्हणाला, करून देतो अक्का, पैशाचं मनात आणू नका. तर ती म्हणाली, मोठा नको.

"भाऊ, ह्या लेकराला इकडं वळवा."

नरसिंगनं समजावलं. कॅमेऱ्यासमोर जे असतं तेवढंच फिल्मवर येतं, पाठ असली तर पाठच, तोंड आत कुठं राहत नाही. फार हळू बोलत होता, मला शब्द जुळवून ऐकावे लागत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती काही अडाणी नव्हती, आणि वेडी तर मुळीच नव्हती. मग ती म्हणाली, "तुमीच तिला तिकडं बघ म्हनले व्हते ना? ऐकलं तिनं तुमचं. कोनाचंबी ऐकायची ती. आता इकडं बघ म्हना."

मी उठून गेलो तेव्हा ती पान घड्या घालून पदरात ठेवत होती आणि नरसिंग त्या धबधब्याच्या पडद्याकडं तोंड करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो नांदेडला गेला. अस्तर आणायचं निमित्त करून मीही गेलो, कारण त्याला एकटं सोडवेना. पेपरच्या हापिसातून रोलची पट्टी मिळवली आणि मोहनसिंगांच्या डार्करूममध्ये उजेडासमोर धरली. एखाद्या वेळी बटन आधीच दाबलं गेलं असेल, ती वळायच्या आधी, एवढी एकच आशा होती. मोहनसिंगांनी भिंग लावून एकेक फोटो बघितला. पाटी, पाटी, रविंद्र, पाटी आणि पोरगी, पुन्हा पाटी आणि पोरगी. सगळ्या फोटोंत पाठ. "बेटा, तूने जैसा चाहा वैसाच आया है," एवढंच म्हातारा म्हणाला, आणि त्याला टोचून बोलायचं होतं असं मला वाटत नाही. ती हसली होती, चारदा हसली होती, आणि प्रत्येक वेळी नरसिंगनं कॅमेरा खाली घेतला होता. येताना एसटीत तो खिडकीला डोकं टेकून रडला.

मग त्यानं एक गोष्ट केली, जी आमच्याकडं सगळेच स्टुडिओवाले करतात. घरात मयताचा फोटो नसला की त्याच्या तोंडवळ्याचं दुसरं माणूस बसवायचं, फोटो काढायचा आणि ब्रशनं नाक-डोळे दुरुस्त करायचे. घरचे लोक बघतात, रडतात आणि घेऊन जातात. कितीतरी घरांत बापाच्या म्हणून चुलत्याला हार घातलेला आहे. करुणाची मावसबहीण सरिता, जवळपास त्याच वयाची. तिला बसवलं, दोन वेण्या घातल्या. रिबिनी मी लाल सॅटिनच्या कापून दिल्या. नरसिंगनं बारीक ब्रशनं त्या फोटोवर किती वेळ घातला ते मला माहीत आहे. भुवया बदलल्या, हनुवटी बदलली. इतकं जीव ओतून त्यानं दुसरं काही केलेलं मी पाहिलं नाही.

जनकाबाईनं तो हातात घेतला. खिडकीशी नेऊन बघितला. मग टेबलावर उपडा ठेवला.

"सरिता हाय ही," ती म्हणाली. "सरिता तं माह्या घरी रोजच येती, भाऊ." रागावली नव्हती. उलट तकलीफ दिली म्हणून त्यालाच हात जोडून गेली.

पुण्यानुमोदनाला पाठमोरा फोटोच ठेवला. नरसिंगनं त्यातून पाटी आणि हात काढून टाकून नुसती पोरगी मोठी केली होती. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी भिंतीवर तो टांगला, हार घातला. येणारा प्रत्येक माणूस क्षणभर थबकायचा, मग पाठीलाच हात जोडायचा. मी आयुष्यात खूप मयती बघितल्या आहेत, पण त्या दिवसाइतकं जड मला कधी झालं नाही.

त्यानंतर नरसिंग बिघडला, असं नांदेडचे लोक म्हणायचे. तो बातमीच्या फोटोला गेला की आधी जे कोणी समोर असेल त्याला म्हणायचा, इकडं बघा. मधोमध उभा करायचा, तोंड नीट दिसेल असा सरळ फोटो घ्यायचा, मग पेपरचा. सिद्धेश्वर धरणावर मासे धरणारे असोत, मोर्चातल्या बाया असोत, फाट्यावर ट्रक उलटून वाचलेला क्लीनर असो. त्यात बातमीची घडी निघून जायची. पुढं पुढं तर पेपरचा फोटो काढायचंच तो विसरायचा आणि सगळी माणसं रेशनकार्डावरच्यासारखी समोर बघत असलेले फोटो नांदेडला जायचे. संपादकांनी दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा फोटो मागवणं बंद केलं. मी त्याला खूप बोललो. अरे, हातची कला घालवलीस. तो म्हणाला, कला हाय तिथंच हाय, कुटं जाती.

दर एक मेला मात्र तो आसपासच्या शाळांत जायचा आणि निकालाला आलेल्या पोरांचा एकेकाचा फोटो काढायचा. इकडं बघ. हस. झालं. त्या फोटोंत बघण्यासारखं काही नाही, नऊ घरं मांडली तर मधल्या घरात एक तोंड आणि बाकीची आठ रिकामी. पण आमच्या भागात आज क्वचितच असं घर असेल जिथं ते नाहीत. त्यातले काही पुढं हार घालायलाही लागले. कुणी ते सांगायला आलं की नरसिंग दुकानाच्या मागच्या बाजूला निघून जायचा.

आणि दर एक मेलाच तो पाठमोरा फोटोही पेपरात पुन्हा यायचा. जिल्ह्याचा वाढदिवस म्हटलं की त्यांना दुसरा फोटो सुचायचाच नाही. जनकाबाई त्या दिवशी हट्ट्याला येऊन पेपर विकत घ्यायची. पुढं कॉम्प्युटर आले. नांदेडहून शिकून आलेल्या एका पोराला नरसिंगनं माझ्यासमोर विचारलं की पाठीवरून तोंड काढता येतं का. पोरगं हसलं. नरसिंगही हसला, आणि हसला म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

जिल्ह्याला दहा वर्षं झाली तेव्हा हिंगोलीत पेपरवाल्यांनी जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. नरसिंगला सत्काराचं बोलावणं आलं. तो जाणार नव्हता. जनकाबाईला कुठून तरी कळलं आणि ती म्हणाली, मला न्या. सोनाजी तोवर खचून अंथरुणाला लागला होता, तेव्हा आम्ही तिघंच गेलो.

तो फोटो मंडपाच्या मधोमध उभा केला होता. दाराएवढा मोठा, लाकडी चौकटीत, मागून टेकू देऊन. करुणा होती त्याहून मोठी झाली होती. औरंगाबादहून आलेले एक प्राध्यापक कॉलेजच्या पोरापोरींना फोटो समजावून सांगत होते. छडी घेऊन त्यांनी रेघा दाखवल्या, नजर कुठून कुठं जाते ते दाखवलं, अर्धा शब्द दाखवला. मग ते म्हणाले की या फोटोची खरी ताकद तिच्या पाठमोरं असण्यात आहे. "चेहरा असता तर ती कुणीतरी एक मुलगी झाली असती. चेहरा नाही, म्हणून ती कुणाचीही मुलगी होऊ शकते."

पोरांनी लिहून घेतलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की त्यांच्या मागं कोण उभं आहे, आणि आम्हीही सांगितलं नाही. मला मात्र संताप आला, मी पुढं होणार तोच नरसिंगनं माझी बाही धरली. "बराबर बोलून राह्यले ते," तो म्हणाला. "मी तसंच बेतलं व्हतं."

मंडळी पुढच्या फोटोकडं सरकली. जनकाबाई जवळ गेली. वेणीवरून बोट फिरवलं, रिबिनीपाशी थांबली. रिबिनी लाल होत्या, फोटोत काळ्या दिसतात. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चौकटीला हात धरून वळसा घालून मागं गेली.

आम्ही दोघं पुढं उभे होतो. चौकटीखालच्या फटीतून तिचे पाय तेवढे दिसत होते. ती तिथं थोडा वेळ उभी राहिली. मागं प्लायवूड होतं आणि त्यावर सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा, दुसरं काही असायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या बाजूनं ती बाहेर आली आणि नरसिंगकडं बघून म्हणाली, "ठावं व्हतं मला. तरी बघून आले."

बाहेर नरसिंगच्या नावाचा पुकारा सुरू झाला होता, सत्काराला चला म्हणून. नरसिंगनं पायातल्या चपला काढल्या, तिथंच ठेवल्या, आणि तोही वळसा घालून फोटोच्या मागं गेला. त्याचं नाव दोनदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. तो बाहेर आला नाही.